पंधरा लाखांची पॉलिसी की तीन लाखांची?

कोपरखैरण्याहून एका ताईंचं पत्र आलंय. वय 38, नोकरी करतात, मुलगी नऊ वर्षांची. दीड वर्ष नवरा-बायको वेगळे राहतात आणि भांडण न करता घटस्फोट घ्यायचं ठरलंय. फ्लॅट आणि कर्ज दोघांच्या नावावर. किंमत 1 कोटी 10 लाख, कर्ज बाकी 50 लाख. फ्लॅट मिस्टर ठेवणार आणि ताईंना अर्ध्या वाट्याचे 30 लाख देणार : 15 रोख, 15 लाखांची विमा पॉलिसी. 500 च्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून विषय संपवायचा, कोर्टाची पायरी चढायची नाही. विचारलंय एवढंच, की 15 लाख एफडीत ठेवू की एसआयपी करू?

ताई, एफडीचं नंतर. आधी ते 30 लाख मोजू.

पॉलिसीचे कागद जोडलेत ते बरं केलंत. हप्ता वर्षाला 60 हजार, मुदत 15 वर्षं, त्यातली 5 झाली. म्हणजे 15 लाख आणखी 10 वर्षांनी, तेही बोनस मनासारखा मिळाला आणि उरलेले 6 लाख तुम्ही भरलेत तर! वर्षाला 7 टक्के व्याज धरलं तर त्या 15 लाखांची आजची किंमत साडेसात, पुढच्या हप्त्यांची साडेचार. उरले 3 लाख. वर पॉलिसी मिस्टरांची, तुम्ही नुसत्या नॉमिनी. नॉमिनी ते उद्या बदलतील, तुम्हाला पत्ताही लागणार नाही. असाइनमेंट करून, म्हणजे रीतसर तुमच्या नावावर होऊन मिळाली तरी मी ती 3 लाखांचीच धरेन. बाकीचे 12 रोख मागा.

दुसरं, कर्ज. तुमच्या दोघांत काय ठरलं याच्याशी बँकेला घेणं-देणं नाही. मिस्टरांनी हप्ते थकवले तर वसुलीचा फोन तुम्हाला येणार, सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, तुमचाही बिघडणार. स्वतःसाठी वन बीएचके घ्यायला गेलात तर हा जुना हप्ताही तुमच्याच नावावर मोजतील. त्यामुळे आधी कर्ज एकट्या मिस्टरांच्या नावावर, मग पैसे तुमच्या खात्यात, आणि त्याच दिवशी नोंदणीकृत हक्कसोडपत्र. जमीन सिडकोची (नवी मुंबईच्या सरकारी महामंडळाची) असेल तर हस्तांतराची परवानगी आणि तिचा खर्च कोणाचा, स्टॅम्प ड्युटी कोणाची, हेही आत्ताच लिहून घ्या.

आणि नोटरीच्या कागदाने घटस्फोट होत नाही. कायद्याने तुम्ही नवरा-बायकोच राहाल. समजुतीने वेगळं व्हायला हिंदू विवाह कायद्यातलं कलम 13 ब आहे. वर्षभर वेगळं राहिल्याची अट तुमची पूर्ण झालीये. दोघांनी मिळून अर्ज करायचा. अर्जानंतर थांबायचे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच तसं सांगितलंय. अटी मध्यस्थाकडे बसून ठरवा, पण त्या अटी या अर्जात आल्या पाहिजेत. भांडायला कोर्टात जाणं वेगळं, शिक्कामोर्तबाला जाणं वेगळं.

पत्रात मुलीच्या खर्चाची एक ओळ नाही. महिना 15 हजार धरले तरी ती 18 ची होईपर्यंत 16 लाख होतात. हे त्या 30 मध्ये धरायचे नाहीत.

राहिली एफडी. पैसे खरोखर हातात आले की पहिलं वर्षभर एफडीतच ठेवा, घर आणि शाळा मार्गी लागेपर्यंत एसआयपीची घाई नको. मात्र सगळे एका बँकेत नकोत : ठेवविमा बँकेमागे 5 लाखांपर्यंतच आहे.