परदेशातून शॉक मागवताना नावाचा घोळ होऊ देऊ नका

आपण लिहिले आहे की परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीला जाताना मागे कोणी बसले की रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ या मोटरसायकलचा मागचा शॉक (धक्के शोषणारा भाग) प्रत्येक खड्ड्यात तळाला आदळतो, नेदरलँड्समधील एक विक्रेता आपल्या वजनानुसार स्प्रिंग बसवून मोनोशॉक (मागे एकच असलेला शॉक) द्यायला तयार आहे, पण तो कस्टममध्ये (सीमाशुल्क विभागात) अडकेल अशी आपल्याला धास्ती वाटते. तीन वर्षांपूर्वी माझीही हीच अवस्था होती, म्हणून सविस्तर लिहितो. शॉक बसवण्याचे काम आपल्या मेकॅनिकला येते, त्यात मी शिरत नाही.

माझी चूक शॉक निवडण्यात झाली नाही, नावात झाली. घरी सगळे ज्या नावाने हाक मारतात तेच नाव मी ऑर्डरमध्ये टाकले, पैसे भावाच्या कार्डावरून भरले आणि केवायसीसाठी स्वतःचे आधार दिले. बिलावर एक नाव, पैसे दुसऱ्याचे आणि ओळखपत्र तिसऱ्याच नावाचे, त्यामुळे पार्सल मुंबईत थांबले. आमच्या गावात रेंज नसल्याने कुरिअरचा पहिला मेसेज मला चार दिवसांनी दिसला. त्यानंतर ३८ किलोमीटरवरच्या त्यांच्या कार्यालयात मी तीन वेळा गेलो. काउंटरवरच्या माणसाने दर वेळी जुन्या पावतीच्या मागे पार्सलचा नंबर लिहून घेतला आणि ‘ते मुंबईचे काम आहे’ एवढेच सांगितले. मुंबईत कोणाशी बोलायचे, कोणता कागद द्यायचा, हे एकदाही सांगितले नाही. भावाचे साधे संमतीपत्र आणि नावाचे प्रतिज्ञापत्र वेळेत दिले असते तर बहुधा भागले असते, हे मला माल विक्रेत्याकडे परत गेल्यावर कळले. जाण्या-येण्याचे भाडे आणि गोदामभाडे मिळून माझे अकरा हजार रुपये गेले. शेतकऱ्याच्या घरात ही रक्कम लहान नसते आणि त्या उदासीनतेचा मला आजही राग येतो.

म्हणून आधारवर आहे तेच नाव अक्षरशः ऑर्डरमध्ये लिहा, पैसे स्वतःच्याच खात्यातून भरा आणि रेंज असलेल्या गावातील नातेवाइकाचा पत्ता व फोन द्या. विक्रेता ‘गिफ्ट’ लिहून पाठवतो म्हणाला तर स्पष्ट नकार द्या, कारण भेटवस्तूंवरील शुल्कमाफी डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली आहे. शुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर लागत नाही, भाडे व विमा धरून लागते, आणि जीएसटी त्या शुल्कासह आलेल्या रकमेवर आकारला जातो. सुट्या भागांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ ऐवजी १८ टक्के झाला आहे, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट. मी कस्टमचा जाणकार नाही. सीमाशुल्काचा दर मागवण्याच्या दिवशीच पाहून घ्या.

आणखी एक गोष्ट अवश्य विचारा. नायट्रोजन भरलेला शॉक विमानमालाच्या नियमांत यूएन ३१६४ या, दाबाखालील वायू असलेल्या वस्तूंच्या क्रमांकाखाली येतो आणि काही कुरिअर तो घेतच नाहीत. तो कोणत्या मार्गाने येणार, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

माझे स्पष्ट मत असे की ऑर्डर देण्याआधी टेप घेऊन सॅग, म्हणजे ओझ्याने गाडी मागे किती खाली बसते ते, मोजा. मागील चाक अधांतरी असताना आसापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंतचे अंतर घ्या, मग नेहमीच्या ओझ्यासह गाडीवर बसून तेच अंतर पुन्हा घ्या. हिमालयन ४११ च्या मागील चाकाला १८० मिमी प्रवास (वर-खाली होण्याची जागा) आहे. त्याच्या सुमारे एक तृतीयांश, म्हणजे ६० मिमीच्या आसपास गाडी खाली बसावी. युरियाची ४५ किलोची गोणी मागे असताना माझी ८० मिमी बसत होती. प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) आवळल्याने गाडी उंच होते, स्प्रिंग कडक होत नाही. त्यामुळे विक्रेत्याला वजन सांगताना मागच्या माणसाचे आणि सामानाचे वजन निश्चित धरा. नवा शॉक हजार किलोमीटर चालल्याशिवाय जुना भंगारात देऊ नका. आपले आकडे इथे लिहिलेत तर स्प्रिंगचा अंदाज मी आनंदाने सांगेन.