पाचशे पौंडांत ब्रिटनमध्ये हॉरर-कॉमेडी शॉर्ट फिल्म होईल का? कॅमेरा कोणता घ्यावा?

होईल. कॅमेरा खिशात आहे तोच घ्या, म्हणजे मोबाइल. झालं तुमचं उत्तर.

आता न विचारलेलं सांगतो, कारण प्रश्नातलं "मित्रांच्या भाड्याच्या घरात शूट करणार आहोत" हे वाचलं आणि तो वास पुन्हा नाकात आला.

मी सांगलीचा, मेकॅनिकलवाला. लीड्सला एमएससी करत होतो तेव्हा एका अकरा मिनिटांच्या हॉरर-कॉमेडीचा ‘साउंड’ माझ्याकडे होता. पात्रता काय, तर उंची सहा फूट दोन इंच आणि बूमचा दांडा (टोकाला माइक लावलेली लांब काठी) तासभर डोक्यावर धरायची तयारी. बजेट साधारण सहाशे पौंड, त्यातला मोठा घास पिझ्झ्याचा. गोष्ट मात्र फक्कड होती. चार विद्यार्थी एका घरात राहतात, तळघरात एक राक्षस राहतो. त्याची कुणाला भीती वाटत नाही, चीड येते. कारण तो भाडं देत नाही आणि कचऱ्याचा डबा कधी बाहेर नेऊन ठेवत नाही.

रक्त आम्ही घरीच केलं. गोल्डन सिरप (साखरेचा घट्ट, सोनेरी पाक), खायचा लाल रंग, चिमूटभर कोको, निळ्याचा एक थेंब. निळा नसला तर ते रक्त न दिसता रूहअफजा दिसतं. (इथे एके काळी नकली रक्त ‘केन्सिंग्टन गोर’ या नावाने मिळायचं. हे लंडनमधल्या एका रस्त्याचं नाव आहे आणि ‘गोर’ म्हणजे साकळलेलं रक्त. डॉर्सेटमधले एक निवृत्त औषधविक्रेते ते बनवायचे.) आतड्यांसाठी कंबरलँड सॉसेज आणलं. ते सुटं नसतं, जिलबीसारखं सलग वेटोळं असतं. सिरपमध्ये बुडवलं की बघवत नाही.

शुक्रवारी रात्री स्वयंपाकघरातला सीन होता. हेडफोन लावले तर फ्रिजची घरघर. आपल्या कानाला ती जाणवत नाही, माइकला मात्र दुसरं काही ऐकूच येत नाही. मी फ्रिज बंद केला. सीन झाला, सगळे पबमध्ये गेले, मीही गेलो. शनिवारी नायिकेची कॅफेत शिफ्ट, म्हणून सुट्टी. डिसेंबर होता, पण ती पोरं हीटिंग रात्रंदिवस चालू ठेवायची. सॉसेज फ्रिजमध्ये. फ्रिज बंद. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

रविवारचा सीन असा: ती फ्रिज उघडते, आतड्यांचा डबा बाहेर काढते आणि विचारते, "हे कोणाचंय? नाव लिहिलेलं नाही." चार जणांत एक फ्रिज असलेल्या घरात राहिलेल्यालाच यातली गंमत कळेल. तिने दार उघडलं. मी दांडा धरून तीन फुटांवर, मला वास आला तेव्हा तिचं तर तोंडच फ्रिजमध्ये होतं. डोळ्यांत टचकन पाणी, घसा आवळला, एक उमासा तिने गिळला, आणि बाईने वाक्य पूर्ण केलं. "नाव... लिहिलेलं... नाही." कट म्हटल्यावर मागच्या दाराने अंगणात पळाली.

सिनेमा छोट्या थिएटरात दाखवला तेव्हा सगळ्यात मोठा हशा त्या जागी आला. नंतर कुणीतरी दिग्दर्शकाला विचारलं, हे कसं काढून घेतलंत? साहेब शांतपणे म्हणाले, "मांस मी मुद्दाम दोन दिवस बाहेर ठेवलं होतं." आयत्या बिळावर नागोबा! श्रेयनामावलीत माझं नाव ‘आभार’मध्ये, पिझ्झावाल्याच्या खाली, तेही आडनावाचं स्पेलिंग चुकवून. बाहेर पावसात मी त्याला गाठलं. तो म्हणाला, "तू विसरलास. मी तो टेक फिल्ममध्ये ठेवला. दिग्दर्शन म्हणजे हेच." हे वाक्य अजून सलतं, कारण अर्धं खरं आहे.

उरलेलं अर्धं असं, की तो सेटवर पहिल्या दिवसापासून सगळ्यांना "अजून मजेशीर कर" सांगत होता. ती बाई तेवढा एकच क्षण मजेशीर करत नव्हती, आणि तोच चालला. तुम्ही ‘डोन्ट हग मी आय अॅम स्केअर्ड’ पाहिलीच असेल. बेकी स्लोन आणि जोसेफ पेलिंग यांनी 2011 साली फावल्या वेळात, हाती बजेट नसताना केलेली तीन-साडेतीन मिनिटांची फिल्म. बोलकी वही बाहुल्यांना सर्जनशीलता शिकवते आणि वर दटावते की हिरवा हा काही सर्जनशील रंग नव्हे. बराच वेळ ती सरळ लहान मुलांचा कार्यक्रमच वाटते, ही गंमत आहे असा इशारा कुणी करत नाही. म्हणून पुढे हृदयाला चमकी लावतात तेव्हा हसू आणि शिसारी एकदमच येते. 2014 मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून लाखावर पौंड उभे केले, 2022 मध्ये चॅनल 4 वर मालिका आली. आमचे साहेब हिचंच उदाहरण देऊन नटांना तोंडं वेडीवाकडी करायला लावायचे. काय पाहिलं होतं त्यांनी कोण जाणे.

तर पैसे आवाजावर घाला. चित्र हललेलं असलं तर लोक शैली समजतात, आवाज फुटला तर टॅब बंद करतात. शूट डिसेंबरात करा. लीड्सला पावणेचारलाच सूर्य मावळतो, रात्र फुकट मिळते. आणि कुणाचं नाव कुठे, कोणत्या स्पेलिंगने येणार ते शूटच्या आधी लिहून घ्या. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. हसू नका.

हो, मी एकूण दोनच फिल्मवर काम केलंय, तेव्हा बेताने घ्या. खरं मांस वापरू नका, ती नायिका आजारी पडली नाही हे आमचं नशीब. सुरे, किंकाळ्या असतील तर शेजाऱ्यांना आणि पोलिसांना आधी कळवा. स्टुडंट व्हिसावर असाल तर मानधन घेण्याआधी अटी वाचा, स्वतंत्र व्यवसाय चालत नाही. रक्त गालिच्यावर सांडणारच, ते बनवतानाच त्यात भांड्यांच्या साबणाचे थेंब घातले तर डाग निघतो. मग ते तोंडात मात्र घ्यायचं नाही.

आणि फ्रिज बंद करताना साउंडवाले गाडीच्या किल्ल्या आत ठेवतात, म्हणजे तो पुन्हा चालू केल्याशिवाय घरी जाताच येत नाही. मला हे तीन वर्षांनी कळलं. तेव्हा माझ्याकडे गाडीही नव्हती.