एप्रिलमध्ये गुलाब आणलेस, तर आधी हे वाच

पाच कलमं एकदम आणलीस, हौस आहे बाबा! पण सोलापुरात पारा 42 च्या पुढे गेला की नवं रोप नुसता तग धरतं, फुलत नाही. म्हणून आत्ता खत अजिबात नको. सकाळी मुळाशी पाणी, वर उसाच्या पाचटाचं आच्छादन, दुपारी हिरव्या नेटची सावली. बास.

पाण्याचं मात्र जपून. आपली काळी माती ओल धरते, मुळं गुदमरतात. बोट दोन पेरं खुपसून बघ, ओलं लागलं तर त्या दिवशी पाणी नाही. माझी पहिली तीन रोपं मी लाडानं पाणी घालूनच मारली.

पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसल्या, तर बहुधा लोह कमी पडतंय; चुनखडीच्या जमिनीत ते असूनही मुळांना मिळत नाही. चिलेटेड लोह (मुळांना-पानांना सहज घेता येईल असं लोह) फवार. पावसाळ्यात काळे ठिपके पडलेली पानं गळली की उचलून टाक.

खरं काम म्हणजे छाटणी, ती ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर. बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या (फांदीवरच्या कोंबाच्या) पाव इंच वर तिरका काप घे. आतला गाभा तपकिरी दिसला तर पांढरा लागेपर्यंत खाली कापत ये, हात आखडू नकोस. कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप), बुंध्याशी कुजलेलं शेणखत. साधारण 45 दिवसांत फुलं येतात. सुकलेली वेळेवर खुडलीस तर जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास दुसरा बहरही मिळेल.

आणि कलमाच्या गाठीखालून जोमदार फुटवा आला तर खूश होऊ नकोस. तो खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलंय त्या खालच्या झाडाचा, रानटी. बुडातून ओढून काढ.