त्याची वही आधी परत करा

प्रश्न : मुलगा टीवायबीकॉमला आहे. वर्षभर आठवड्यातून तीन-तीन रात्री खार, अंधेरीला स्टँडअप कॉमेडीच्या ओपन माइकला (कुणीही नवखा स्टेजवर एकट्याने विनोद करून बघतो तो कार्यक्रम) जातो आणि शेवटच्या गाडीने डोंबिवलीला येतो. चौथ्या सेमिस्टरला ७८ टक्के होते, पाचव्याला ६१. खिशातून पैसे घालून हा स्टेजवर घरच्यांची थट्टा करतो हे कळल्यावर मी त्याची विनोद लिहायची वही काढून घेतली. दोन महिने बोलणं बंद आहे. त्याला रुळावर कसं आणू?

उत्तर : ६१ टक्क्यांची मला काळजी नाही, दोन महिन्यांच्या अबोल्याची आहे. टीवायच्या परीक्षेच्या तोंडावर घरात बापाशी बोलणं बंद असेल तर कुठल्याही मुलाचे मार्क घसरतील. आणि ती वही तुम्ही वाचलीत का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. स्टेजवरच्या पाच मिनिटांच्या सेटसाठी एकेक ओळ खोडून पुन्हा पुन्हा लिहावी लागते. काल हशा मिळवलेला पंच, म्हणजे विनोदाची नेमकी ओळ, आज पडतो, मग एक शब्द बदलून उद्या परत उभं राहायचं. तुमचा मुलगा वर्षभर हे करतोय. एवढी चिकाटी त्याने बँकेच्या परीक्षेसाठी दाखवली असती, तर तुम्ही ती नातेवाइकांना कौतुकाने सांगितली असती. घरच्यांच्या थट्टेचं म्हणाल, तर लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात एकट्याने ५२ पात्रं उभी केली, ती आपल्याच गावाकडची होती.

'खिशातून पैसे घालतो' यावरून हा धंदाच तोट्याचा, असा तुमचा समज झालाय. ओपन माइक हा रियाज आहे, बऱ्याच ठिकाणी त्यासाठी कलाकारालाच पैसे भरावे लागतात. कमाई होते ती तिकिटाच्या शोमधून, कंपन्यांच्या कार्यक्रमांतून, जाहिराती आणि वेब सिरीजच्या लेखनातून. २०१० मध्ये लोअर परळला 'कॉमेडी स्टोअर' हा कॉमेडी क्लब सुरू झाला तेव्हा इथल्या स्टँडअपवर इंग्रजीचा पगडा होता. पुढे हिंदी आलं, आणि 'भाडिपा'सारख्या यूट्यूब चॅनलवाल्यांनी मराठीतही तिकीट काढून येणारा प्रेक्षक उभा केला. मात्र पोटापुरतं मिळायला वर्षं जातात आणि बहुतेक जण तोवर नोकरी करतात. मार्च २०२५ मध्ये एका विनोदावरून तोडफोड झाल्यावर खारच्या 'हॅबिटॅट' या कॉमेडीच्या जागेने काम थांबवलं, म्हणजे जागेचाही भरवसा नाही. हे त्याला स्पष्ट सांगा, पण आधी वही हातात देऊन.

पदवी त्याने पूर्ण करायचीच, त्यात तडजोड नको. सीए, एमबीए सीईटी, बँका ही दारं नंतरही उघडी असतात. सहाव्या सेमिस्टरपर्यंत आठवड्याला एकच ओपन माइक, तोही शनिवारी, एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या. पुढची दोन वर्षं नोकरी सांभाळून संध्याकाळी स्टेज. आणि त्याचा एक कार्यक्रम बघा, पण त्याला आधी सांगून जा. न सांगता मागच्या रांगेत बसलात, तर त्याला ती पाळत वाटेल.