फ्लाइट रात्री उशिराची असेल तर आधी रिसेप्शन किती वाजता बंद होतं ते बघा

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मुक्काम दोनच रात्री, फ्लाइट रात्री साडेदहाला उतरणार, आणि प्रश्न असा की सेंटरपासून नऊ किलोमीटरवरचं स्वस्त हॉटेल घ्यावं की स्टेशनजवळचं थोडं महागडं. त्यात ते स्वस्तवालं कुठल्याशा तिसऱ्याच साइटवर आणखी स्वस्त दिसतंय, पण नॉन-रिफंडेबल. नेमकं हेच सगळं मी भोगलंय, त्यामुळे माझं मत एकतर्फी असणार हे आधीच सांगते. रेटिंग, फोटो, रिव्ह्यू वगैरे तुम्ही बघितलेच असतील, त्यात जात नाही.

आधी ते नऊ किलोमीटर. साइटवर दाखवलेलं अंतर बऱ्याचदा सरळ रेघेचं असतं, मध्ये नदी किंवा रेल्वेचे रूळ आले की त्याला काही अर्थ उरत नाही. मॅपवर ट्रान्झिट, म्हणजे बस-ट्रेनचा पर्याय, लावून बघा, आणि आत्ताची वेळ ठेवू नका, ज्या वाराला ज्या वेळी जाणार तीच टाका, कारण रविवारी आणि रात्री गाड्या कमी होतात. एका बाजूने पाऊण तास लागत असेल आणि दुपारी एकदा पाय टेकायला रूमवर आलात तर दिवसातले तीन तास प्रवासातच गेले. आठवडाभर राहायचं असेल तर खपून जातं, दोन दिवसांत नाही. वाचवलेले पैसे तिकिटात आणि रात्रीच्या टॅक्सीत जातात ते वेगळंच. अगदी सेंटरलाच हवं असंही नाही हां, एअरपोर्टहून जी थेट लाइन शहरात येते तिच्यावर सेंटरच्या दोन-तीन स्टॉप अलीकडे, स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर, अशी जागा मला सगळ्यात परवडते. आणि एअरपोर्ट नक्की कुठे आहे तेही तपासा, पॅरिसच्या नावावर खपणारा बोव्हे एअरपोर्ट शहरापासून रस्त्याने साधारण ८५ किलोमीटर लांब आहे.

पण माझे पैसे अंतराने नाही बुडवले, नो-शोने बुडवले, म्हणजे बुकिंग असून पाहुणा आलाच नाही अशी हॉटेलने केलेली नोंद. आमचीही फ्लाइट रात्रीचीच होती. बुकिंग करताना स्पेशल रिक्वेस्टच्या चौकोनात 'उशिरा येणार' असं लिहिलं होतं, साइटचा 'रिक्वेस्ट पाठवली आहे' असा मेलही आला होता. फ्लाइट लेट झाली, पोचेपर्यंत बारा वाजून गेलेले, हॉटेलचं दार बंद, बेल वाजवली, फोन लावला, कोणी उचलेना. मिळेल त्या हॉटेलात मिळेल त्या भावात ती रात्र काढली आणि सकाळी परत गेलो तर म्हणे तुम्ही आला नाहीत म्हणून नो-शो टाकला. बरं, एका रात्रीचे पैसे गेले समजू, पण नो-शो टाकला की बऱ्याच ठिकाणी पुढच्या रात्रीही आपोआप रद्द होतात, आमच्या झाल्या, रूम दुसऱ्याला देऊन मोकळे!

मग सुरू झाली टोलवाटोलवी. हॉटेलवाला म्हणतो पैसे माझ्याकडे नाहीत, साइटशी बोला. साइटचे चॅटवाले म्हणतात हॉटेलने नो-शो कन्फर्म केलाय, आम्ही काही करू शकत नाही. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून रामायण. माझा बुकिंग नंबर हॉटेलच्या सिस्टिममध्ये सापडतच नव्हता, कारण साइटने ती रूम मधल्या आणखी एका होलसेलरकडून उचललेली, आणि हॉटेलकडे त्याचा वेगळाच नंबर. माझी रिक्वेस्ट या साखळीत कुठे अडकली ते आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. शेवटी त्यांनी काय दिलं तर पुढच्या बुकिंगसाठी कूपन, तेही एक्सपायरी डेट असलेलं. असो, चिडचिड होते अजून.

म्हणून तुमच्यासाठी एकच आग्रह. पैसे भरायच्या आधी हॉटेलला थेट मेल टाका की आम्ही अमुक वाजता येणार, फ्लाइट लेट झाली तर आणखी उशीर होईल, रात्री दार कोण उघडणार किंवा कोड कसा मिळणार. उत्तर लेखी येऊ द्या. उत्तरच आलं नाही तर ते हॉटेल सोडा, कितीही स्वस्त असो. बुकिंग झाल्यावर हॉटेलचा स्वतःचा कन्फर्मेशन नंबर मागून घ्या, आणि निघताना उशीर होतोय असं दिसलं की फोन करून 'रूम सगळ्या रात्रींसाठी ठेवा' असं स्पष्ट सांगा. स्पेशल रिक्वेस्ट म्हणजे नुसती विनंती, हमी नाही, हे साइटच्या अटींमध्येच बारीक अक्षरात असतं.

सगळ्या मधल्या साइट वाईट असतात असं नाही म्हणत, लोकांची कामं होतातही नीट. पण तोच रेट किंवा थोडा जास्त हॉटेलच्या स्वतःच्या साइटवर मिळत असेल तर मी तिथूनच घेते, निदान भांडायला एकच माणूस असतो. फ्री कॅन्सलेशन घेतलंत तर डेडलाइन बहुतेक वेळा हॉटेलच्या स्थानिक वेळेप्रमाणे असते, आपल्या नाही. आणि कोणी सांगितलं की युरोपात ऑनलाइन घेतलेलं १४ दिवसांत परत करता येतं, तर ते ठरावीक तारखांच्या हॉटेल बुकिंगला लागू होत नाही, त्या भरवशावर राहू नका.

टॅक्सचंही बघा, काही शहरांत सिटी टॅक्स काउंटरवर वेगळा भरावा लागतो. ॲमस्टरडॅममध्ये तो २०२४ पासून रूमच्या भाड्याच्या १२.५ टक्के आहे, म्हणजे स्वस्त-महागची तुलना टॅक्स धरूनच करायची. कार्ड मशीनने तुमच्या चलनात पैसे घेऊ का विचारलं तर नाही म्हणा, तो रेट बहुतेकदा महागच पडतो.

परतीची फ्लाइट कधी आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये. संध्याकाळची असेल तर स्टेशनजवळचंच घ्या, कारण चेकआउट साधारण दहा ते बाराच्या मध्ये असतो आणि बॅगा ठेवून फिरायचं तर हॉटेल वाटेवर हवं. बॅगा ठेवून घेतात का, फुकट की पैसे घेऊन, हेही त्याच मेलमध्ये विचारून टाका.