एफ जास्त म्हणजे पॉवर जास्त न्हवं! ठासणीच्या बंदुकीला दारू कुठली?

भावा, पन्हाळा-पावनखिंडीचा प्रसंग उभा करायला तुझ्याकडं दोन परवान्याच्या बंदुका हायत, एक पाऊण इंची नळीची चकमकीची (गारगोटीच्या ठिणगीनं पेटणारी) आणि एक लहान नळीचं कॅपचं (टिकलीवर घोडा आपटून पेटणारं) पिस्तूल, आणि तू विचारतोयस डबल एफ घेऊ का ट्रिपल एफ, पॉवरफुल कुठली. आधी हे डोक्यातनं काढ की एफ म्हणजे पॉवर. एफ म्हणजे दाणा किती बारीक ते. दारू तीच, मसाला तोच, फक्त दाण्याचा आकार बदलतो.

गुऱ्हाळावर चुलवाणापाशी कधी उभा राहिलायस का? वाळलेली चिपाडं टाकली की भडका, ओंडका टाकला की सावकाश जळत बसतो. इथं पण तेच. बारीक दाणा पटकन पेटतो, त्यामुळं नळीत दाब झटक्यात चढतो, जाड दाणा जरा दमानं घेतो.

आता स्वयंपाकघरातल्या मापानं सांगतो. सिंगल एफ साधारण मोहरीएवढा, डबल एफ राजगिऱ्याच्या आसपास, ट्रिपल एफ जाडा रवा आणि चार एफ म्हणजे एकदम बारीक रवा. सिंगल एफ लई मोठ्या नळीच्या बंदुकांना, तोफेला त्याहून पण जाड दाणा असतो. डबल एफ पन्नास कॅलिबर, म्हणजे अर्धा इंची नळी, आणि त्याच्या वरच्या बंदुकांना, ट्रिपल एफ पिस्तूल, रिव्हॉल्व्हर आणि बारीक नळीच्या रायफलला. चार एफ फक्त रंजकीला, म्हणजे चकमकीच्या बंदुकीच्या कानात (नळीच्या बाजूची छोटी वाटी, जिथं ठिणगी पडते) टाकायला, तो नळीत भरायचा नाही म्हणजे नाही. स्विस कंपनीच्या डब्यावर एफ ऐवजी नंबर असतात आणि ते उलटे चालतात, १ म्हणजे चार एफ, २ म्हणजे ट्रिपल, ३ म्हणजे डबल, इथं भल्याभल्यांचा घोळ होतो.

म्हणजे तुझ्या मोठ्या बंदुकीला डबल एफ, पिस्तुलाला ट्रिपल. आणि अडलंच कुठं तर जाड दाण्याकडं झुकायचं. मोठ्या नळीत ट्रिपल घालणारे हायत, पण ते माप कमी करून घालतात आणि त्यांचा हात बसलेला असतो, तू त्या भानगडीत पडू नको. आपल्याकडं दुकानात जे मिळतं त्याच्यावर ग्रेड लिहिलेला असंलच असं नाही, माझ्या हातात तर दोनदा बिनलेबलचा डबा आला आणि मी दोन्ही वेळा परत केला.

प्रसंगात गोळी नसते, नुसता बार. गोळी नसली की दाब धरत नाही, मग आवाज फुसका वाटतो आणि पोरं म्हणतात वरनं चिंधी ठोका, कागद ठासा. अजिबात नाही! तो बोळा पण गोळीसारखाच लागतो समोरच्याला. गज (दारू ठासायची काठी) तर बार भरताना नळीत घालायचाच नाही, कारण गडबडीत तो आत राहिला की भाल्यासारखा सुटतो. नळी माणसाच्या अंगावर न धरता वर करून उडवायची. शिंगाड्यातनं, म्हणजे दारू ठेवायच्या शिंगातनं, थेट नळीत ओतायचं नाही, आत एक ठिणगी राहिलेली असली तर अख्खं शिंगाडं हातात फुटतं, मापानं एकेक बार वेगळा करून ठेव. ट्रिगर दाबून बार उडाला नाही तर नळी तशीच वर धरून निदान मिनिटभर थांब, डोकावून बघायला जाऊ नको.

पावसाचं सांगतो. तुम्ही जुलैत करणार, प्रसंग जुलै १६६० चा हाय म्हणून. पन्हाळ्यावर त्या दिवसांत धुकं काय असतं तुला म्हाईत हाय. मी एकदा हौसेनं कान काठोकाठ भरला, पहिल्या बाराला फुस्स... आणि मग धप्प! रंजक कानातनं नळीत जाणाऱ्या भोकात ठासून भरली की ती वातीसारखी जळत आत जाते, म्हणून कानात थोडीच टाकायची आणि भोक मोकळं ठेवायचं. तिसऱ्या बारापर्यंत तर सगळा काळा चिखल झालेला. दारू जळल्यावर निम्म्याहून जास्त राख मागं उरते आणि ती हवेतलं पाणी ओढते, त्याच रात्री गरम पाण्यानं धुवून, कोरडी करून, तेल लावलं नाहीस तर चार दिवसांत नळी तांबडी.

आणि एक, लई महत्त्वाचं. सुतळी बॉम्ब फोडून त्यातली दारू वापरायची आयडिया तुमच्या ग्रुपमधी कोणतरी काढणारच. त्यात ॲल्युमिनियमची पूड असते, ती नळी फाडते, बोटं जातात. काडतुसातली बिनधुराची दारू पण तशीच, ठासणीच्या बंदुकीत चिमूटभर सुद्धा नाही. आजोबांची भिंतीवरची बंदूक असंल तर ती भिंतीवरच राहू दे, आतनं किती गंजलीय ते बाहेरनं कळत नाही.

परवान्याचं पण बघ. चंदगड-आजऱ्याकडं रानडुकरासाठी पीक संरक्षणाचा परवाना असतो, तो कार्यक्रमात बार उडवायला चालंल असं धरून चालू नको, पोलिसांकडनं लेखी घे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर समारंभात बेपर्वाईनं गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद नाहीतर लाखापर्यंत दंड हाय, दोन्ही पण होतं.

जाता जाता, १६६० ला कॅप न्हवतीच रे, ती एकोणिसाव्या शतकातली. मावळ्याच्या हातात तोड्याची (धुमसत्या वातीनं पेटवायची) बंदूक दे, पिस्तूल घरी ठेव. तोडा मात्र पेटता असतो, तो दारूच्या पिशवीपासनं लांब धरणारा एक शांत डोक्याचा माणूस बघ, तुमच्या पोरांत तसा एक तरी असंल.