आईवडील ऊसतोडीला गुजरातेत जातात, मतदार यादीतून दोघांचं नाव गेलं. आधार कार्डावर मतदान करता येईल का, की भावाकडे सुरतला नाव टाकावं?

आधार कार्डावर नाही करता येत. यादीत नाव नसलं तर आधार दाखवा, पॅन दाखवा, जुनं मतदार कार्ड दाखवा, केंद्रावरचा अधिकारी मशीनपर्यंत जाऊ देणार नाही. ती ओळखपत्रांची यादी दरवेळी पेपरात येते, ती फक्त यादीतला माणूस हाच, हे पटवायला असते. 'यादीत नाव नसलं तरी कलम ४९ अ खाली चॅलेंज व्होट मागा, मत देता येतं' हा मेसेज दर निवडणुकीला फिरतो, तो साफ खोटा आहे. टेंडर व्होट वेगळं. नाव यादीत आहे, पण तुमच्या आधीच कोणी तुमच्या नावावर मत देऊन गेलं, तर ते मिळतं. नावच नसेल तर तेही नाही.

पण मी लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळे. तुम्ही लिहिलंय, 'तसंही सहा महिने ते गावात नसतात, त्यामुळे नाव काढलं ते नियमानेच असेल.' नियमाने नाही काढलेलं. १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा आहे, त्याचं कलम २० वाचा. माणूस तात्पुरता बाहेर गेला एवढ्यावरून तो त्या गावचा सर्वसाधारण रहिवासी राहत नाही, असं होत नाही. ऊस तोडायला दिवाळीनंतर गेलेला आणि होळी-आखाजीपर्यंत परत आलेला माणूस तात्पुरताच गेलेला असतो. त्याचं घर इथं, रेशनकार्ड इथं, म्हातारी आई इथं, पावसाळ्यातली शेती इथं.

आमचं गाव नंदुरबार जिल्ह्यात, आमचा पाडा गावठाणापासून नाल्यापलीकडे. आईबाबा लग्न झाल्यापासून कोयत्यावर जातात, बारडोलीकडे. १३ मे २०२४ ला आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं. टोळी परत आलेली होती. बाबा सकाळीच धुतलेला सदरा घालून शाळेत गेले, रांगेत उभे राहिले. मतदान अधिकाऱ्याने यादीवरून पट्टी फिरवली, पान उलटलं, परत मागे आला आणि म्हणाला, "बाबा, तुमचं नाव नाही यात." बाबा म्हणाले, "मागल्या टायमाला तं व्हतं ना साहेब." कार्ड पुढे केलं. ते कार्ड पत्र्याच्या पेटीत जमिनीच्या कागदांबरोबर असतं, एरवी कोणी हात लावत नाही. अधिकारी वाईट वागला नाही. त्याच्यासमोर यादी होती आणि यादीत नाव नव्हतं, तो तरी काय करणार. मागे आई उभी होती, तिचंही नाव नाही. काकांचंही नाही. पाड्यावरची सलग घरं गेलेली होती, आणि कारण सगळ्यांना एकच लावलेलं: स्थलांतरित.

बाबा घरी येऊन गप्प बसले. मी बसलो नाही. माझं तालुक्याला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, लोकांची कामं रोज करतो, मग घरचं का सोडू? माहिती अधिकारात कागद मागितले. नाव वगळायच्या आधी नोटीस द्यावी लागते, म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. हे १९६० च्या मतदार नोंदणी नियमांत, २१ अ मध्ये आहे. आमच्या कागदात काय निघालं? 'घर बंद असल्याने नोटीस दारावर डकवली.' घर बंद असणारच, तारीख डिसेंबरातली होती! आणि खाली पंचनामा: 'सदर इसम कुटुंबासह गुजरात राज्यात कायमस्वरूपी स्थलांतरित झाल्याचे समजते.' समजते म्हणजे कोणाकडून समजते? दोन पंचांच्या सह्या होत्या, दोघंही गावठाणातले. पाड्यावरचा एकही नाही. आजी तेव्हा काकांच्या खोपीत होती, हाकेच्या अंतरावर. तिला कोणी विचारलं नाही.

त्यातली एक सही आमच्या गुरुजींची. चौथीपर्यंत मला त्यांनीच शिकवलं, अक्षर त्यांच्यामुळे चांगलं आहे, हे मी कुठेही सांगेन. पण त्या सहीवरून आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, "जो अर्धं वर्ष गावात नसतो त्याने गावाचा निकाल का ठरवावा?" मी ग्रामसभेत सगळ्यांसमोर विचारलं, "गुरुजी, तुमचा मुलगा बारा महिने पुण्यात असतो, तिथं त्याचा फ्लॅट आहे, त्याचं नाव गावच्या यादीत कसं?" त्यावर ते म्हणाले, तो गावचाच मुलगा आहे. मग माझा बाप कुठला आहे? कायदा उलट सांगतो. गावात नुसतं घर मालकीचं आहे एवढ्यावर कोणी रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरतं बाहेर गेल्याने रहिवास जात नाही. दोन्ही गोष्टी त्याच कलम २० मध्ये आहेत.

यात सगळ्यात मोठी गोम वेळापत्रकात आहे, आणि ती कोणी बोलत नाही. १ जानेवारी धरून होणारं यादीचं वार्षिक पुनरीक्षण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं, हरकती डिसेंबरापर्यंत, अंतिम यादी जानेवारीत. ऊसतोडीचा हंगाम नेमका तोच. म्हणजे सातपुड्यातला निम्मा मजूर बाहेर असतो तेव्हा आपण कोण गावात आहे ते पाहतो. जून-जुलैत या, पाड्यावर एकही दार बंद दिसणार नाही. २०२२ पासून १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या तारखाही धरतात, पण त्या अठरा पूर्ण होणाऱ्या पोरांच्या नोंदणीसाठी.

आमच्याच जिल्ह्यात अक्कलकुवा आहे, राज्यातला एक नंबरचा मतदारसंघ. मणिबेलीला मशीन आणि कर्मचारी नर्मदेच्या पाण्यातून बोटीने जातात. मतदाराला दोन किलोमीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये, हा आयोगाचाच दंडक. मला त्याचा अभिमान आहे, खरंच. तेवढी जिद्द यादीत नाव टिकवण्यात का नाही?

पावसाळ्यात आम्ही पाड्यावरच्या सगळ्यांचे सहा नंबरचे, म्हणजे नाव नोंदवायचे, फॉर्म भरले आणि नावं परत आली. मग विधानसभा लागली २० नोव्हेंबरला. दिवाळी १ नोव्हेंबरला झाली, टोळ्या निघून गेल्या. नाव होतं, माणूस नव्हता. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी द्यावी असा कायदा आहे, पण टनावर मजुरी घेणाऱ्याला सुट्टी कोण देतो? उचल घेतलेली असते, मुकादम सोडत नाही, येण्याजाण्याचा खर्च वेगळा. ग्रामपंचायतीला उमेदवार गाड्या भरून आणतात, विधानसभेला कोणी विचारत नाही. २०२२ च्या डिसेंबरात आयोगाने बाहेरगावच्या मतदारांसाठी एका मशीनवर ७२ मतदारसंघ चालतील असं यंत्र जाहीर केलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना दाखवायला बोलावलं, पक्षांनी शंका काढल्या, तिथंच थांबलं. ते यायलाच हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरतचं म्हणाल तर भाऊ तिकडे लूमवर कायमचा असेल तर त्याचं नाव तिकडे. आईवडिलांचं नको. ते राहतात गावात, नाव गावात. पुढच्या वेळी तिकडच्या यादीची तपासणी लागली की तिकडचेही त्यांना स्थलांतरितच लिहून मोकळे होतील.

एक गोष्ट आमच्याच लोकांनाही सांगायची आहे. उधना, लिंबायतला बारा महिने राहणाऱ्या खानदेशी घरांत कित्येकांची नावं दोन्हीकडे आहेत. ते चूक आहे. एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी असू शकतं, आणि फॉर्मवर खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद आहे. अशांची दुबार नावं काढलीच पाहिजेत. पण त्यांच्याकडे बोट दाखवून कोयत्यावाल्याचं नाव कापू नका. आणि बीएलओ ताईंवर, म्हणजे केंद्राची मतदार यादी सांभाळणाऱ्या बाईंवर, राग काढू नका. अंगणवाडी सांभाळून ती पाड्यावर चढते, मानधन किती ते सगळ्यांना माहीत आहे. तिला माहिती कोण पुरवतं, ते शोधा.

आता तुमचं काम. वगळलेल्या नावाला नमुना सहाच भरायचा, दुरुस्तीचा आठ नाही. अपील करायचं तर आदेशापासून १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे, तुमचे ते दिवस बहुधा गेलेत. फॉर्म मे ते सप्टेंबरमध्ये भरा, आईवडील घरी असताना, म्हणजे बीएलओ आली की ते स्वतः समोर उभे राहतील. पोच घ्या, नाही दिली तर मागून घ्या. दिवाळीआधी नाव यादीत आलंय का ते पाहा. वगळणीच्या अर्जांची यादी नमुना १० मध्ये लागते, ती हंगामात बघत राहायला गावात एखाद्याला सांगून ठेवा. वगळलं तेव्हाचा पंचनामाही मागवा. बिहारच्या यादीतून गळालेली सुमारे ६५ लाख नावं कारणांसह जाहीर करा, असं सुप्रीम कोर्टाने १४ ऑगस्ट २०२५ ला सांगितलं, तर तुमच्या दोन नावांचं कारण तुम्हाला मिळायलाच हवं. सह्या कोणाच्या आहेत ते बघा आणि ग्रामसभेत नाव घेऊन विचारा. आमच्या गुरुजींच्या मुलाचं नाव अजून गावच्याच यादीत आहे, आणि पुढच्या ग्रामसभेत मी ते परत विचारणार आहे.